कारणाचा रकाना

केतकी तांडेलनं 'स्वहस्ते'ला आतापर्यंत आठ सूचना पाठवल्या होत्या आणि त्यातल्या साडेतीन मंजूर झाल्या होत्या. साडेतीन कशा, तर 'सुट्टीच्या अर्जावर पालकांचा फोटो दिसावा' ही तिची पाचवी सूचना त्यांनी मान्य केली खरी, पण फोटो एवढा बारका टाकला की बाबांच्या मिशा तेवढ्या ओळखू याव्यात. ती सूचना तिनं अर्धीच धरली.

'स्वहस्ते' म्हणजे काय, हे २०४२ साली कुणाला सांगावं लागत नव्हतं. शाळा, दवाखाना, ग्रामपंचायत, बोटीवरचं काम, कुठलाही कागद असो, तो त्यातूनच जायचा, त्यातच त्यावर सही व्हायची आणि त्यातच तो जन्मभर जपून राहायचा. पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात 'सुधारणा सुचवा' असं एक फिकट बटण होतं. ते बटण असतं हेच पुष्कळांना माहीत नव्हतं. केतकीला मात्र ते दिसलं की तिची बोटं शिवशिवायची.

तिची तिसरी सूचना अशी होती: 'सुट्टीच्या अर्जात कारणाचा रकाना तीनशे अक्षरांचा आहे. तो दोन हजारांचा करावा. मुलींना सुट्टी हवी असण्याची कारणं मोठी असतात.'

मंजूर!

आता खरं कारण सांगायचं तर केतकीला सुट्टी नकोच होती. सुट्टी घेऊन जाणार कुठे? आई ती पाच वर्षांची असतानाच गेली होती. आत्या मुरुडला, म्हणजे एका दिवसात जाऊन येण्यासारखं नाही. आणि बाबा, हरेश्वर तांडेल, किनाऱ्यापासून दीडशे किलोमीटर आत, समुद्रातल्या पवनचक्क्यांवर सुरक्षा पर्यवेक्षक. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो, म्हणून देखभालीची सगळी कामं सप्टेंबर ते मे. म्हणजे शाळा सुरू तेव्हा बाबा समुद्रात. केतकीला या जूनमध्ये नववीला त्यांनी आजऱ्याजवळच्या या निवासी शाळेत घातलं, आणि सप्टेंबरात समुद्रावर निघताना एवढंच म्हणाले, "मे महिन्यात भेटू. लांब नाही."

तिथं जाणाऱ्या बोटीत चढताना सगळ्यांचे फोन जमा करून घेत. कुणी बाहेरच्याने चक्क्यांच्या यंत्रणेत घुसू नये म्हणून. महिन्यातून एकदा, दुसऱ्या रविवारी, चार मिनिटांचा फोन. बाकी फक्त सहीचे कागद यायचे-जायचे, कारण सहीचे कागद अडवून चालत नाहीत.

हे बाबा गेल्यावर पहिल्याच आठवड्यात केतकीच्या डोक्यात लख्ख पेटलं. सुट्टीचा अर्ज हा सहीचा कागद! मग तिनं अर्ज केला आणि कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'बाबा, इथला डोसा मधून कच्चा असतो आणि इथून समुद्र कुठल्याच गच्चीवरून दिसत नाही, मी सगळ्या चढून पाहिल्या.' दुसऱ्या दिवशी अर्जावर बाबांची सही आली. आणि खाली शेऱ्याच्या जागी: 'वाचले. कच्चा असेल तर खाऊ नकोस. गच्चीवर एकटी चढू नकोस. जपून राहा. बाबा.'

झालं, आठवड्याला दोन अर्ज ठरूनच गेले.

"तांडेल," रेक्टर चौगुले बाई म्हणायच्या, "तू दर शनिवारी सुट्टी मागतेस, तुझे वडील दर शनिवारी देतात, आणि तू दर शनिवारी माझ्यासमोर बसून पोहे खातेस. हे काय चाललंय?"

"बेत बदलतो, बाई."

"प्रत्येक वेळी?"

"माझे बेत कच्चे असतात."

बाईंनी चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं, पण कागद नियमाप्रमाणे होता. नियमाप्रमाणे असलेल्या कागदापुढे बाईंचं काही चालत नसे.

शनिवारी दुपारी मात्र खोली रिकामी व्हायची. तिची खोलीतली मैत्रीण निशिगंधा गडहिंग्लजची, पाऊण तासावर घर. ती पिशवी खांद्याला मारता मारता म्हणायची, "येतीस का गं? आमची मम्मी विचारत हुती, ती मिशीवाल्या बाबांची पोरगी कधी येणार म्हणून."

"पुढच्या वेळी."

"मरूदे तुझी पुढची वेळ. बस इथंच, भिंतींना सूचना दे."

ती हसत निघून जायची. आणि मग पाच खाटा, पाच गाद्या, खिडकीवर वाळत घातलेला एकच टॉवेल. केतकी मोठ्यानं गाणं म्हणायची. गाणं संपलं की खोली आधीपेक्षा मोठी वाटायची. मग ती वाचनालयात जाऊन टॅबसमोर बसायची आणि कारणाचा रकाना उघडायची.

बाबांचे शेरे ऑक्टोबरपासून आखूड झाले होते. 'वाचले. जपून राहा. बाबा.' बस, एवढंच. तिनं निशीला सांगून टाकलं होतं, "आमचे बाबा मुळातच कमी बोलतात. वाचतात ना, पुरे."

नववी सूचना तिनं जानेवारीत पाठवली आणि ती तिच्या मते सगळ्यात भारी होती.

विज्ञानाच्या तासाला सरांनी सांगितलं होतं की सही म्हणजे चित्र नव्हे, सही म्हणजे हालचाल. चित्राची नक्कल कुणीही करेल. म्हणून 'स्वहस्ते'ची काच सही होताना बोट किती दाबलं, कुठे वेग वाढला, कुठे थबकलं हे सगळं टिपते. आणि आणखी एक गोष्ट टिपते. आपला हात कितीही स्थिर धरा, तो सेकंदाला आठ ते बारा वेळा बारीक थरथरतच असतो. डोळ्यांना दिसत नाही, काचेला कळतं. माणूस दमला की ही थरथर बदलते, घाबरला की बदलते, आनंदात असला तरी बदलते. त्यामुळे एकाच माणसाच्या दोन सह्या कधीच तंतोतंत सारख्या नसतात. सर म्हणाले, "सारख्या असल्या तर समजा, हात नव्हता."

केतकीनं लिहिलं: 'सहीखाली हाताची ती थरथर एका रेघेत दाखवावी, आणि कागद किती वेळ उघडा होता तेही. माहिती तुमच्याकडे साठलेलीच आहे, नुसती दाखवायची आहे. ज्यांची माणसं लांब आहेत त्यांना सही हाच हात असतो. तो हात आज कसा आहे, हे कळायला हवं.'

तीन आठवड्यांनी पुण्याहून उत्तर आलं. मंजूर, पूर्ण मंजूर, आणि सगळ्या देशात! परिपाठाला चौगुले बाईंनी तिचं नाव घेतलं. निशीनं शिट्टी मारली आणि शिट्टीबद्दल ओरडा खाल्ला. केतकी व्यासपीठावर गेली, प्रमाणपत्र घेतलं आणि माईक कुणी दिलेला नसतानाही माईकवर म्हणाली, "माझ्या आणखी साडेचार सूचना पडून आहेत, त्यांचंही बघा म्हणावं!" अख्खी शाळा हसली. तिला वाटलं, आपण दोन इंच उंच झालो आहोत.

दुपारच्या सुट्टीत ती धावतच वाचनालयात गेली. सत्तेचाळीस अर्ज, सत्तेचाळीस सह्या. आता प्रत्येकीखाली बाबांचा हात दिसणार होता.

पहिला अर्ज. सहीखाली निळी रेघ, मुंग्यांची रांग विस्कटावी तशी. कागद उघडा होता: सहा मिनिटं. केतकीनं रेघेवरून बोट फिरवलं.

दुसरा, चार मिनिटं. तिसरा, सात. चौथा, पाच.

पाचवा अर्ज. रेघ सरळ. पट्टीनं ओढावी तशी. कागद उघडा होता: शून्य.

तिला वाटलं टॅब बिघडला. सहावा उघडला. सरळ, शून्य. सातवा. मग ती भराभर उघडतच गेली, सव्वीस, एकतीस, चाळीस, सत्तेचाळीस. सरळ, शून्य. सरळ, शून्य. सगळ्यांखाली तेच, 'वाचले. जपून राहा. बाबा.'

घंटा झाली तरी ती उठली नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं दहावी सूचना पाठवली. ती सूचना नव्हतीच. 'माझ्या बाबांच्या जागी कोण सही करतंय ते सांगा. लगेच.' संध्याकाळच्या आत टॅबवर एक बाई अवतरल्या. ओढणी डोक्यावरून घेतलेल्या, हातात चहाचा कप.

"मी तांबोळी. तुझ्या सूचना माझ्याकडेच येतात. कारणाचा रकाना मीच वाढवला होता. काय झालं, बेटा?"

केतकीनं सांगितलं. तांबोळी मॅडमनी कप बाजूला ठेवला.

"सवयीची सही," त्या म्हणाल्या. "तुझे वडील रोज किती कागदांवर सही करतात माहितेय? कुठल्या चक्कीवर कोण चढणार, पट्टा तपासला का, वारा किती, असे सत्तर-ऐंशी. दमून माणूस चुकतो. म्हणून त्यांच्या कंपनीनं नेहमीच्या साध्या कागदांसाठी सवयीची सही सुरू करून घेतली. यंत्र चार नमुने बघतं, माणूस काय मंजूर करतो, काय शेरा लिहितो ते शिकतं, आणि पाचव्यापासून स्वतःच करतं. कायद्यानं दोन्ही सह्या सारख्याच."

"पण शेरा?"

"चारही शेऱ्यांत जे सामाईक होतं, ते उचललं त्यानं."

केतकीनं मनातल्या मनात ते चार शेरे आठवले. कच्चा डोसा गेला. गच्ची गेली. 'वाचले' आणि 'जपून राहा' उरलं.

"म्हणजे बाबांना माहीत होतं?"

"चक्क्यांचे कागद आपोआप होतात हे माहीत असेल. शाळेचे पण त्याच ढिगात गेले, हे बहुतेक नसेल. सही झालेला कागद त्यांच्यासमोर येतच नाही गं. थेट कपाटात."

म्हणजे वाचलेच नाहीत. तेविसावासुद्धा.

ही गोष्ट आधीच सांगायला हवी होती, पण केतकीनं ती कुणालाच सांगितली नव्हती. नोव्हेंबरची एकवीस तारीख. निशी आणि बाकीच्या तिघी घरच्या लग्नाकार्यांना गेल्या होत्या. केतकीला तीन दिवस ताप होता आणि खोलीत कुणाचाच आवाज नव्हता. तिनं कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं: 'बाबा, मला इथं राहायचं नाही. मी सगळ्यांना हसवते, पण ते गेले की मला काय करायचं ते कळत नाही. काम सोडून एकदाच या. काही बोलू नका, नुसतं माझ्या खाटेवर बसा आणि जा. शनिवारी मी फाटकाशी असेन.'

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं होतं. वाचले. जपून राहा. बाबा.

तरीही शनिवारी ती फाटकाशी उभी राहिली होती. अकरापासून चारपर्यंत. आणि परत येताना तिनं ठरवलं होतं की बाबांकडे यापुढे काही मागायचं नाही, गमतीजमतीच लिहायच्या. चोवीस ते सत्तेचाळीस, सगळे अर्ज वाचणाऱ्याला हसू फुटेल असे होते.

"हरकत घेता येते," तांबोळी मॅडम सांगत होत्या. "तुझा अर्ज, तुझा हक्क. तू हरकत घेतलीस की सवयीच्या सगळ्या सह्या रद्द. त्रेचाळीस अर्ज त्यांच्यासमोर जातील आणि हातानंच सही करावी लागेल. उघडून, वाचून. एखादा अर्ज जाऊ नये वाटलं तर तो मागे घ्यायचा, पण त्यांनी उघडायच्या आत. उघडला की संपलं."

"मॅडम, ही सवयीची सही बंदच करून टाका ना."

"लिही तशी सूचना. मी वर पाठवते." मग त्या म्हणाल्या, "माझा लेक पण हॉस्टेलला आहे. काल रात्रीपासून मी त्याचे अर्ज उघडून बघतेय. तुझ्या रेघेमुळे."

लेकाच्या अर्जांवर त्यांच्या स्वतःच्या सह्यांखाली काय दिसलं, हे केतकीनं विचारलं नाही.

तीन फेब्रुवारीला केतकीनं हरकत घेतली.

नऊ तारखेला दुसरा रविवार होता. ऑफिसातला फोन वाजला आणि चौगुले बाई कधी नव्हे त्या स्वतःहून बाहेर जाऊन उभ्या राहिल्या.

"केते?"

"हं."

पलीकडे वारा. वाऱ्यामागे काहीतरी लोखंडी आपटत होतं.

"सत्तेचाळीस गं?"

"चार तुम्ही वाचलेले. त्रेचाळीस."

"मला वाटलं तू थांबलीस," बाबा म्हणाले. "सप्टेंबरात चार आले, नंतर काही नाही. म्हटलं, मैत्रिणी मिळाल्या असतील. बरंच झालं."

"बरंच झालं?"

"म्हणजे, तशी समजूत घातली मनाची."

केतकीला एकदम सगळे जुने फोन आठवले. चार मिनिटं मिळायची, आणि ती दर वेळी म्हणायची, 'तुम्हाला माहीतच आहे सगळं, मी परत काय सांगू?' लिहिलेलं पुन्हा कशाला बोलायचं! जानेवारीत तर दोन मिनिटं उरली असतानाच तिनं फोन ठेवला होता.

"मी म्हणायचे ना, तुम्हाला माहीतच आहे—"

"मला वाटायचं, रागानं म्हणतेस. इथं ठेवून गेलो म्हणून."

"नव्हते रागावले!"

"आता कळलं. एकोणीसपर्यंत आलोय. ते चौगुले बाईंच्या पोह्यांचं वाचून मी एकटाच हसलो, वर चढलेला माणूस खाली बघायला लागला. मी क्रमानं वाचतोय. पाळी संपली की दोन-तीन. घाईनं नाही वाचत."

"बाबा, पुढे एक आहे—"

"सांगू नकोस. पुढचं काही सांगू नकोस. मला तुझ्या मागनं मागनं येऊ दे."

बाबांना दिवाळीच्या अलीकडचं माहीत, तिला फेब्रुवारीचं. मधल्या महिन्यांत बोलण्यासारखं खूप होतं आणि त्यातलं काहीच बोलायचं नव्हतं. केतकी रिसीव्हर कानाला दाबून वारा ऐकत राहिली. मिनिटं संपली तेव्हा फोन तिनं ठेवला नाही, तो आपोआप बंद झाला.

सोमवारी विसावा आणि एकविसावा. मंगळवारी दुपारी ती वाचनालयात आली, तेव्हा बाविसाव्यावर नुकतीच सही उमटली होती. निळी रेघ, सहा मिनिटं, शेरा: 'वाचले. निशीच्या आईला सांग, मिशा खऱ्या आहेत.'

त्याखाली तेविसावा. 'न उघडलेला.' शेजारी लहानसं बटण: 'मागे घ्या.'

वाचनालयात कुणी नव्हतं. पंखा फिरत होता. केतकीनं बोट बटणावर नेलं आणि तिथंच धरलं. दाबलं की संपलं. बाबा बावीसवरून चोवीसवर जातील, हसतील. चोवीस मस्त होता. एकवीस नोव्हेंबर घडलीच नाही, फाटकाशी कुणी उभं नव्हतं. दीडशे किलोमीटर आत, लोखंडी फळीवर बसलेल्या माणसाला आता हे वाचून करता तरी काय येणार होतं? ताप तर केव्हाच उतरला.

बाबांनी काय वाचावं आणि काय वाचू नये हे चार महिने एक यंत्र ठरवत होतं. आता तिचं बोट ठरवणार होतं.

तिनं हात मांडीवर ठेवला.

'न उघडलेला' हे शब्द पुसले गेले. 'उघडला.'

बटण नाहीसं झालं.

एक मिनिट. दोन. तो अर्ज दोनशे अक्षरांचासुद्धा नव्हता, वाचायला अर्धं मिनिट पुरे. पाच मिनिटं. केतकीनं खुर्ची पुढे ओढली. अकरा. बाहेर खेळाच्या तासाची शिट्टी झाली, मुली पायऱ्यांवरून धडधडत गेल्या, निशी दारातून ओरडली, "येतीस का, का बसतीस डोळं लावून?" आणि एकदा तिच्या तोंडाकडे बघून निघून गेली. एकोणीस मिनिटं. सव्वीस.

चौतिसाव्या मिनिटाला सही उमटायला लागली. 'ह' अर्ध्यात थांबला, पुन्हा निघाला. आडनावाशी पोचेपर्यंत अक्षरं तिरकी होत गेली. सुट्टी: तेवीस आणि चोवीस नोव्हेंबर. मंजूर. शेऱ्याची जागा कोरी.

आणि सहीखाली जी रेघ आली, तिला रेघ म्हणावं की नाही, केतकीला कळेना. ती वर जात होती, खाली कोसळत होती, रकान्याच्या दोन्ही कडांना आपटत होती.

पडद्यावर एक पिवळी चौकट उघडली.

'ही सही नेहमीच्या नमुन्यांशी जुळत नाही. हाताचा कंप प्रमाणाबाहेर आहे. सही करणारी व्यक्ती हरेश्वर तांडेल हीच आहे का? अर्जदाराने खात्री करावी.'

केतकीनं ती रेघ पहिल्या टोकापासून शेवटच्या टोकापर्यंत पाहिली. घाई केली नाही.

मग तिनं 'होय' दाबलं.